बांगड्या ‘वाढवायच्या’ असतात, हे परिचारिकेला कोण शिकवणार?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परिचर्येच्या विद्यार्थिनींना रुग्णांच्या चालीरीती, भाषा, श्रद्धा आणि सामाजिक परिस्थिती यांची जाण कशी द्यावी, या विषयाची चर्चा आपल्या वृत्तपत्रातून व्हावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. मी नागपुरात आधी अधिपरिचारिका आणि नंतर पाठ्यनिर्देशिका म्हणून काम केले व आता निवृत्त आहे. माझे म्हणणे मांडण्यापूर्वी माझ्या शिकवण्यात राहून गेलेली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे.

एका रुग्णालयात पहिलटकरणीला सिझेरियनसाठी तयार करायचे होते. हाताला सलाईनची सुई लावायची, हात सुजण्याची शक्यता, शस्त्रक्रियागृहातील विजेची उपकरणे, अशी सगळी कारणे लक्षात घेता हातातला चुडा आणि अंगावरचे दागिने उतरवणे आवश्यकच होते. माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी यादी हातात घेऊन एकेक बाब तपासत होती. हिरव्या बांगड्या घट्ट बसल्या होत्या, निघेनात. तेव्हा ती अगदी सहजपणे म्हणाली, ‘‘निघत नसतील तर फोडून टाका.’’ पहिलटकरीण रडू लागली. सासूने सुनेचा हात धरून तिला कॉटवरून खाली उतरवले आणि म्हणाली, ‘‘आमचा पोरगा बाहेर जिता उभा आहे, अन् तुम्ही फोडा म्हनता?’’ त्यानंतरचा जवळजवळ अर्धा तास कोणीही कोणाचे ऐकायला तयार नव्हते. शेवटी वॉर्डातल्या एका वयस्कर आयाबाई साबणाचे पाणी घेऊन आल्या. ‘‘वाढवून घेऊ बाई, बाळ झाल्यावर नवा चुडा भरू,’’ असे म्हणत त्यांनी एकेक बांगडी हलक्या हाताने उतरवली, आणि ज्या दोन निघाल्याच नाहीत त्या रुमालात धरून वाढवल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण तो अर्धा तास एखाद्या अडलेल्या बाळाच्या जिवावर बेतला असता.

ती विद्यार्थिनी नागपूरचीच होती, घरी मराठीच बोलणारी होती, आणि समाजशास्त्राच्या विषयात तिला उत्तम गुण होते. तिला ‘संस्कृतीची व्याख्या’ आणि ‘संस्कृतीची वैशिष्ट्ये’ पाठ होती. फोडणे हे वैधव्याचे, म्हणून सौभाग्यवतीच्या बांगड्या फोडत नाहीत, त्या वाढवतात, हा शब्द मात्र तिच्या पिढीतून निसटला होता, आणि तो तिला द्यावा असे मला, तिच्या शिक्षिकेला, कधी सुचले नव्हते. निर्जंतुकीकरण, औषधांचे डोस, नोंदी हे सगळे मी नीट शिकवले होते. त्या सासूच्या कानांना ‘फोडा’ हा शब्द कसा ऐकू येईल, हे शिकवले नव्हते.

सांस्कृतिक विविधता हा शब्द उच्चारला की आपल्याला दूर जंगलातले कोणीतरी आठवतात. ती आपल्या शेजारच्या कॉटवर, आपल्याच भाषेत बोलत असते, हे या प्रसंगाने मला शिकवले, म्हणून तो आधी सांगितला.

तरीही नागपूरचे स्थान या बाबतीत वेगळे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मेडिकल, मेयो, डागा आणि आता मिहानमधील एम्स या रुग्णालयांकडे केवळ नागपूर जिल्हा पाहत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, अमरावतीचा मेळघाट, मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि बैतूल, छत्तीसगडचा राजनांदगावकडील भाग, तेलंगणाचा आदिलाबाद, असा मोठा पट्टा गंभीर आजारात नागपूरचाच रस्ता धरतो. एकाच वॉर्डात वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, छत्तीसगडी, गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण एकमेकांच्या शेजारी असू शकतात. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यातील ३८.७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि भामरागडच्या माडिया कुटुंबाला नागपूर म्हणजे जवळजवळ परदेश वाटावा इतके ते लांब आणि अनोळखी असते. शहराचे स्वतःचे रूपही एकजिनसी नाही. दीक्षाभूमीचा वारसा सांगणारी बौद्ध वस्ती, मोमीनपुरा आणि ताजबागचा मुस्लिम समाज, जरीपटक्यातील सिंधी कुटुंबे, इतवारीतील जैन आणि बोहरा व्यापारी, विणकर हलबा कोष्टी, आणि ज्यांच्या हाताखाली आम्ही अनेकजणी काम शिकलो त्या केरळमधून आलेल्या ज्येष्ठ सिस्टर, हे सगळे नागपूरच आहे.

अशा शहरात शिकणाऱ्या विद्यार्थिनीला या विषयाचे शिक्षण मिळते कसे, ते पाहावे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१-२२ पासून बी. एस्सी. नर्सिंगसाठी सत्रपद्धती लागू केली, आणि त्यात उपयोजित समाजशास्त्र पहिल्याच सत्रात आले. संस्कृती, कुटुंब, विवाह, जात, वर्ग हे सारे त्यात आहे, आणि ते असणे योग्यच आहे. परंतु पहिल्या सत्रातील मुलीने अजून वॉर्ड पुरता पाहिलेलाही नसतो. ज्या रुग्णांविषयी हे शिकायचे, ते तिला भेटण्याआधीच तो विषय परीक्षेत उत्तीर्ण होऊन संपलेला असतो, आणि पुढे तीन-साडेतीन वर्षे रुग्णांच्या सहवासात असताना त्याच्याविषयी तिला पुन्हा कोणी खोलात जाऊन विचारत नाही. जीएनएम या पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींचा अनुभवही याहून फार वेगळा नसतो.

त्याहून मोठी अडचण शिकवण्याच्या रीतीची आहे. या विषयाला वेळ देणारी शिक्षिकासुद्धा पुष्कळदा समाजांची यादी देते: मुस्लिम रुग्ण असे, जैन रुग्ण तसे, आदिवासी रुग्ण अमुक मानतात, ख्रिस्ती रुग्ण तमुक खातात. यादी पाठ करायला सोपी आणि तपासायला त्याहून सोपी असते. पण ती वॉर्डात पोहोचली की तिचे रूपांतर एका शब्दात होते, आणि तो शब्द म्हणजे ‘यांच्यात’. ‘यांच्यात असंच असतं’, ‘यांच्यात अंधश्रद्धा फार’, ‘यांच्यात बाई काही बोलत नाही’. कॉटवरचा माणूस त्या एका शब्दाने दिसेनासा होतो. मोमीनपुऱ्यातील सगळ्या स्त्रिया पडदा पाळत नाहीत, इतवारीतील सगळे जैन सूर्यास्तापूर्वी जेवत नाहीत, आणि एटापल्लीहून आलेला गोंड तरुण पदवीधर शिक्षक असू शकतो. यादी जितकी तपशीलवार, तितका विद्यार्थिनीचा विचारण्याचा कंटाळा वाढतो, कारण तिला वाटते की उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे.

परिचर्येत या विषयाचा पाया घालणाऱ्या मॅडलिन लायनिंजर या अमेरिकन परिचारिका होत्या. १९५० च्या दशकात मुलांच्या मानसिक आरोग्यकेंद्रात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले एकाच प्रकारच्या शुश्रूषेला वेगवेगळा प्रतिसाद देतात. त्यासाठी त्या मानववंशशास्त्र शिकल्या आणि न्यू गिनीत जाऊन राहिल्या. परिचारिकेसमोर रुग्णाची एखादी रीत आली की तीन वाटा असतात, असे त्यांनी मांडले: ती रीत जपावी, तिच्याशी जुळवून घ्यावे, किंवा रुग्णाला सोबत घेऊन ती बदलावी. आमच्याकडे ही तीन नावे विद्यार्थिनी इंग्रजीत पाठ करतात. प्रसूतिकक्षात उभे राहून ती शिकवली, तर अर्ध्या तासात कळतात.

नवजात बाळाचेच पाहा. मुस्लिम कुटुंबातील आजोबांना बाळाच्या कानात अजान द्यायची असते. त्याने कोणाचेही काही बिघडत नाही, म्हणून बाळ पुसून, गुंडाळून, उबदार ठेवून त्यांच्या हाती दोन मिनिटे द्यावे; ही रीत जपायची. काजळाचे बोट लावायचे असते. डोळ्यात घातलेले काजळ अपायकारक ठरू शकते, पण तीट तळपायाला लावली तर आईचे मनही राहते आणि बाळाचा डोळाही. येथे जुळवून घ्यायचे. जिभेला मध चाटवायचा असतो, तर एक वर्षाच्या आतील बाळाला मध का देऊ नये हे समजावून सांगावे, आणि हाच विधी आईच्या दुधाच्या थेंबाने करता येईल का, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावे. पहिला चीक ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकायचा असतो, तेथे मात्र मागे हटायचे नाही. पण ‘अडाणी आहात का’ असे विचारून तो चीक बाळाच्या पोटात जात नाही. ‘गाईला वासरू झाले की पहिला चीक कोणासाठी असतो, आजी?’ असे विचारले, तर पुष्कळदा आजीच सुनेला सांगते. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याचा प्रकार तर जिवावर बेततो आणि तो थांबलाच पाहिजे. मात्र पोटावर चट्टे असलेले बाळ घेऊन आलेल्या कोरकू आईला दारातच फैलावर घेतले, तर ती पुढच्या वेळी चटके टाळील याची खात्री नाही. ती दवाखाना टाळील याची खात्री अधिक आहे. मेळघाटात गावातल्या भूमकांनाच, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्यांनाच, विश्वासात घेऊन रुग्ण दवाखान्यापर्यंत आणण्याचे प्रयत्न झाले, ते याच जाणिवेतून.

न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी याच्या एक पाऊल पुढचा मुद्दा मांडला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. परिचारिकेने दुसऱ्याच्या चालीरीतींचा अभ्यास करण्याआधी स्वतःकडे, स्वतःच्या समाजाकडे आणि स्वतःच्या हातातील अधिकाराकडे पाहावे, आणि शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही हे ती घेणाऱ्यानेच ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने हा विषय शिक्षणात समाविष्ट केला. आपल्याकडे हे लागू करायचे झाले, तर त्याची सुरुवात जातीपासून करावी लागेल. आमची पाठ्यपुस्तके जातीचा धडा देतात, पण वॉर्डात आडनाव ऐकल्यावर आवाजाचा सूर कसा बदलतो, कोणाच्या जखमेला हात लावताना कपाळावर आठी पडते, कोणत्या नातेवाइकांना ‘बाजूला सरका’ म्हटले जाते आणि कोणाला ‘बसा ना काका’, यावर वर्गात बोलले जात नाही. ते बोलले पाहिजे. पुण्यात प्लेगच्या साथीत अस्पृश्य वस्तीतल्या आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी प्राण गमावणाऱ्या सावित्रीबाई फुले यांची तसबीर आमच्या बहुतेक महाविद्यालयांत लावलेली असते. त्या तसबिरीखाली बसून हा विषय टाळणे मला शोभत नाही असे वाटते.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते. जी रीत आपली स्वतःची असते, ती आपल्याला ‘संस्कृती’ म्हणून दिसतच नाही. मधुमेह असलेल्या मुस्लिम गृहस्थांनी रमजानचे रोजे धरले, तर विद्यार्थिनी तत्परतेने ‘धार्मिक कारणामुळे उपचारात अडथळा’ अशी नोंद करते. मधुमेह असलेल्या आजींनी नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी आणि भगर खाल्ली व साखर वाढली, तर मात्र ‘पथ्य पाळले नाही’ एवढेच लिहिले जाते. दोन्हीकडे करायचे काम एकच आहे. आजाऱ्याला रोजातून सूट आहे, हे त्या गृहस्थांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तरीही त्यांना रोजा धरावासा वाटतो, तेव्हा ‘धरू नका’ एवढे बोलून संवाद संपवला, तर ते रोजा धरतात आणि फक्त आम्हाला सांगायचे सोडून देतात. महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून सहरी आणि इफ्तारच्या वेळांनुसार औषधांची मात्रा ठरवून घ्या, दिवसा बोटातून रक्त घेऊन साखर तपासत राहा, आणि ती ७० च्या खाली गेली तर त्या क्षणी रोजा सोडा, इतके सांगणारी परिचारिका त्यांच्या उपयोगाची असते. आजींनाही उपासाच्या दिवसांत काय चालेल हे त्यांच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगावे लागते. तीच गोष्ट आहाराच्या तक्त्याची. ज्या माडिया घरात दूध पिण्याची पद्धतच नाही, तेथील अशक्त बाळंतिणीला ‘रोज दोन कप दूध घ्या’ असे लिहून देणे म्हणजे काहीच न देणे होय.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा उल्लेख केल्याशिवाय विदर्भातील परिचर्येविषयीचे कोणतेही पत्र अपुरे राहील. आपल्या भागातील आदिवासी आणि बौद्ध समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या वेदनेचा झटका बाहेरून दिसत नाही: जखम नाही, सूज असेलच असे नाही, आणि वेदना मात्र हाडे मोडत असल्यासारखी असते. काही रुग्ण ओरडतात, काही लहानपणापासून सोसण्याची सवय असल्याने भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतात. ओरडणाऱ्याला ‘याला सुईची सवय लागली आहे’ असे म्हटले जाते आणि गप्प राहणाऱ्याला वेदना नाही असे धरले जाते. दोघांनाही औषध उशिरा मिळते. वेदना व्यक्त करण्याची रीत ही घरातून आणि समाजातून येते, हे ज्या विद्यार्थिनीला कॉटजवळ शिकवले गेले आहे, ती चेहऱ्यावरून अंदाज न बांधता विचारते. या आजाराला लग्नाचीही बाजू आहे. आई हळूच सांगते की, पाहुण्यांसमोर आजाराचे नाव घेऊ नका, मुलीचे जमायचे आहे. आणि त्याच वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी मोठ्याने विचारते, ‘‘ती सिकलवाली कोणत्या कॉटवर आहे?’’ १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे तरुण जोडप्याला समजावून सांगण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेच्याच वाट्याला येणार आहे. जात, लाज आणि लग्न यांची जाण नसलेल्या व्यक्तीकडून ते होणार नाही.

भाषेविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. गोंडी किंवा कोरकू बोलणारी बाई वॉर्डात आली की दुभाषी म्हणून तिचा नवरा, दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा जवळपासचा कोणीही उभा केला जातो. पांढरे जाते का, पाळी केव्हा चुकली, मारहाण होते का, हे त्यांच्या तोंडून विचारले जाते, आणि ‘काही त्रास नाही’ असे उत्तर आले की तशी नोंद होते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा घेताना तर तिला न समजलेल्या भाषेतले सगळे वाक्य तिने मान्य केले, असे आपण गृहीत धरतो. मराठी बोलणाऱ्यांचीही बोली समजून घ्यावी लागते. ‘जीव घाबरा होते’, ‘पोटात कालवते’, ‘आंग मोडून येते’ या शब्दांचा नेमका अर्थ छातीत धडधड, मळमळ की ताप, हे पुन्हा विचारूनच कळते. नोंदणीच्या खिडकीवर म्हाताऱ्या बाईला पतीचे नाव विचारले आणि ती गप्प राहिली, तर तिला काही समजत नाही असे नव्हे. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही अशा घरातून ती आलेली असते. सोबतच्या नातवाला विचारले की काम होते.

आणि या सगळ्यात सर्वांत खेदाची बाब अशी की, दुभाषी आपल्या वर्गातच बसलेली असते. कुरखेडा, धानोरा, धारणी, चिखलदरा येथून आलेल्या मुली नागपुरात परिचर्या शिकतात. त्यातील काहींची घरची भाषा गोंडी, माडिया किंवा कोरकू आहे. पण वसतिगृहात पहिल्या आठवड्यातच कोणी त्यांच्या उच्चारांना हसते, कोणी ‘कोट्यातली’ म्हणते, आणि त्या आपली भाषा पेटीच्या तळाशी ठेवून देतात. मी एका विद्यार्थिनीला तीन वर्षे शिकवले आणि ती गोंडी बोलते हे मला तिसऱ्या वर्षी, तेही योगायोगाने, कळले. मेंदूच्या मलेरियातून सावरत असलेली एक आजी कोणाच्याही हातचे पाणी घेत नव्हती. ही मुलगी जवळ जाऊन ‘जोहार’ म्हणाली आणि ‘येर’ म्हणत तिने पेला पुढे केला. आजीने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि पाणी प्यायली. त्या दिवशी वर्गात तिला मी शिक्षिकेच्या खुर्चीवर बसवले आणि आम्ही सगळ्या तिच्याकडून वीस शब्द शिकलो. दुखते, पाणी, लघवी, श्वास, घाबरू नको, एवढेच. ते मी पहिल्या वर्षीच करायला हवे होते.

मृत्यूच्या वेळी तर एकेका कृतीचा भार फार मोठा असतो. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचे असते, पण श्वासनलिकेत नळी असते. तेव्हा ‘काही चालणार नाही’ असे सांगण्याऐवजी कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करू देता येतात. बौद्ध कुटुंबाला त्रिशरण-पंचशील म्हणायला पाच मिनिटे आणि थोडी शांतता हवी असते. मुस्लिम कुटुंबाला देह लवकर ताब्यात हवा असतो, चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, हवा असतो, आणि स्त्रीच्या देहाला परपुरुषाचा हात लागू नये असे वाटते. गोंड कुटुंबाला दूरच्या गावी पुरण्यासाठी देह न्यायचा असतो, आणि गाडीची सोय हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. यातील प्रत्येक ठिकाणी ‘असे असेलच’ असे न धरता, ‘तुमच्याकडे या वेळी काय करतात, आम्ही काय करू?’ एवढे एक वाक्य विचारले, तर त्या घरात ते वाक्य पुढे वर्षानुवर्षे आठवले जाते.

असा विचार करून आरोग्यसेवा उभी राहू शकते, याचे उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीजवळ शोधग्राम येथे रुग्णालय उभारताना आदिवासींना आधी विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, आमचा देव तेथे नसतो, असे त्यांना वाटत होते. म्हणून झोपड्यांसारखी घरे बांधली गेली, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. नागपूरची मोठी रुग्णालये झोपड्यांची होणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. पण त्यांनी आधी विचारले, हा त्यातील मुख्य भाग आहे, आणि त्याला इमारत लागत नाही.

आता माझी मागणी. नागपुरातील शासकीय आणि खासगी परिचर्या महाविद्यालयांनी हा विषय पहिल्या सत्रात संपवू नये. विद्यार्थिनी रुग्णाचा अभ्यास लिहिते तेव्हा त्या नमुन्यात नाडी, रक्तदाब आणि औषधांच्या बरोबरीने रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांची जागा सक्तीची असावी: हे कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते, येथे येण्याआधी घरी काय केले आणि कोणाला दाखवले, सर्वांत अधिक भीती कशाची वाटते, घरी निर्णय कोण घेते, आणि येथे असताना आमच्याकडून कोणती गोष्ट होऊ नये असे तुम्हाला वाटते. असे प्रश्न अमेरिकन वैद्य आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्येच आपल्या सहकाऱ्यांसह मांडले होते. त्यांना पैसा लागत नाही, दहा मिनिटे लागतात. वॉर्डात परिचारिकांची संख्या अपुरी आहे आणि ती दहा मिनिटेसुद्धा कोठून आणायची, हा वॉर्ड सांभाळणाऱ्या परिसेविकांचा प्रश्न रास्त आहे, आणि पदे भरण्याची मागणी त्यामुळे अधिकच निकडीची ठरते. परंतु विद्यार्थिनीजवळ ती दहा मिनिटे असतात, आणि सवय विद्यार्थिदशेतच लागते.

प्रात्यक्षिक परीक्षेत या संभाषणाला गुण असावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आमच्याकडे शिकवले जात नाही. आशा कार्यकर्त्या, बरे होऊन गेलेले रुग्ण, वॉर्डातील जुन्या आयाबाई आणि तृतीयपंथी समुदायातील व्यक्ती यांना मानधन देऊन वर्गात बोलवावे. कोणत्या वॉर्डात दाखल करायचे यावरूनच तृतीयपंथी व्यक्तींची जी परवड होते, ती त्यांच्याच तोंडून विद्यार्थिनींनी ऐकावी. गोंडी, माडिया, कोरकू, छत्तीसगडी आणि तेलुगूतील रोजच्या वापराच्या शब्दांची छोटी पुस्तिका, त्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थिनींकडूनच आणि त्यांच्या नावाने, तयार करून घ्यावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांनी यात लक्ष घातले तर हे राज्यभर होऊ शकेल. २०२३ च्या कायद्यानुसार परिचर्या आणि प्रसूतिविद्येसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झालेली असताना, अभ्यासक्रमाविषयी असे म्हणणे मांडण्याची ही योग्य वेळही आहे.

ज्या आयाबाईंनी त्या दिवशी बांगड्या वाढवल्या, त्यांना आम्ही कधीही वर्गात बोलावले नाही. मी निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी त्या निवृत्त झाल्या. आज त्यांच्या जागी काम करणाऱ्या बाई प्रत्येक वॉर्डात आहेत, आणि नव्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी एक तास राखून ठेवावा, अशी माझी सर्व प्राचार्यांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका,
नागपूर